फॉर्मवर 'पत्नीचे नाव' असा रकाना होता

अर्धाकप | १९ जानेवारी, रात्री १०:४०

आमच्या सोसायटीत काल हळदीकुंकू झालं. वाण म्हणून स्टीलची वाटी, आणि यंदा कुणाच्या तरी डोक्यातून आलं म्हणून वाटीत व्यसनमुक्तीचं एक पत्रक. 'आपले पती, मुलगा किंवा भाऊ व्यसनाच्या आहारी गेले असतील तर...' मी वाटी घेतली, पत्रकाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि तिळाची वडी खाल्ली.

मी ५४ वर्षांची आहे. दारू सोडून साडेआठ वर्षं झाली. माझी. नवऱ्याची नव्हे.

ते पत्रक वाचून माझ्या ॲडमिशनचा दिवस आठवला. फॉर्म भरून घेणाऱ्या मुलाने 'पत्नीचे नाव' या रकान्यापाशी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, 'पत्नीचे' खोडून वर 'पतीचे' लिहिलं. पुढच्या ओळीत 'पत्नी नोकरी करते का?' ते त्याने तसंच सोडलं. मुलगा चांगला होता, त्याचा काही दोष नाही. फॉर्म छापला तेव्हा बाई येईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, एवढंच.

त्या पाच आठवड्यांसाठी घरी काय काय करावं लागलं, ते मांडते. ॲडमिशन दोनदा पुढे ढकलली, कारण लेकीचं दहावीचं वर्ष. शेवटी परीक्षा संपल्यावर गेले. शेजारी सांगितलं, आईचं ऑपरेशन आहे, माहेरी चाललेय. जायच्या आदल्या दिवशी चटण्या करून ठेवल्या, गहू दळून आणले, कामवाल्या ताईंना सकाळ-संध्याकाळ लावलं, गॅसचं बुकिंग केलं. हात थरथरत होते, तरी हे सगळं केलं. (थरथरू नयेत म्हणून सकाळी दोन घोट घेतले होते. तेही सांगून टाकते, आता काय लपवायचं.)

रविवारी भेटीचा दिवस. पुरुषांच्या वॉर्डात बायका डबे घेऊन यायच्या, पोरांना नवे कपडे घालून आणायच्या. आमच्या खोलीत सहा जणी. दोघींच्या आया यायच्या, एकीचा भाऊ. माझा नवरा तिसऱ्या रविवारी आला आणि फाटकापाशीच उभा राहिला.

माझ्या दिरानेही दारू सोडली, माझ्या आधी चार वर्षं. घरी सत्यनारायण घातला होता, पेढे वाटले, सासूबाई रडल्या, 'माझा मुलगा परत आला' म्हणाल्या. मी सोडली तेव्हा मला सांगण्यात आलं, 'कुठे बोलू नकोस, मुलीचं लग्न व्हायचंय.' माझं एटीएम कार्ड तीन वर्षं नवऱ्याकडे होतं. पगार माझा. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन तो माझ्या तोंडाचा वास घ्यायचा आणि मी मुकाट्याने घेऊ द्यायची, कारण आधी खोटं मी बोलले होते. दिराचा वास कुणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणून हा धागा. बाईच्या व्यसनमुक्तीबद्दल, म्हणजे बाटली सुटल्यानंतर जे सुरू होतं त्याबद्दल, बोलायचं आहे. ज्यांना स्वतःचं लिहायचं नाही त्यांनी ऐकीव लिहिलं तरी चालेल.

---

जुना_वाचक | १९ जानेवारी, रात्री ११:१५

ताई, तुमच्या धैर्याला नमस्कार. पण एक प्रांजळ शंका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी दारू पिणाऱ्या जेमतेम १.३ टक्के, पुरुष १८.८ टक्के. मग सोयी पुरुषांसाठी जास्त असणं स्वाभाविकच नाही का? यात समानता कुठून आली? उलट काही जणींनी समानता म्हणजे पुरुषांबरोबर ग्लास उचलणं असा अर्थ काढला, त्याचं हे फळ असं नाही का वाटत?

---

टपरीवरचा | १९ जानेवारी, रात्री ११:२२

शहरी बायकांचे चोचले. चालू द्या.

---

अर्धाकप | १९ जानेवारी, रात्री ११:५०

जुना_वाचक, आकड्यांवरच बोलू. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली व्यसनांची देशव्यापी पाहणी २०१९ साली आली. तिच्यात दारू पिणाऱ्या एका बाईमागे १७ पुरुष निघाले. ठीक आहे. मग १७ खाटांमागे एक खाट बाईची आहे का, ते आपल्या जिल्ह्यातल्या केंद्रात विचारून बघा आणि इथे लिहा. त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. दारूच्या पक्क्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. त्या एकात बाई कितव्या नंबरला उभी असेल, याचा विचार करा.

आणि पाहणीवाला दारात आल्यावर घरात सासू बसलेली असताना कोण बाई सांगणार आहे, 'हो, घेते मी'? मी तर डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. ॲसिडिटीच्या गोळ्या खात होते.

ग्लास मी कुणाची बरोबरी करायला उचलला नाही. झोप येत नव्हती.

---

पळसपान | २० जानेवारी, सकाळी ७:०५

'शहरी चोचले' वाचून लिहायला बसलो. मी चंद्रपूरकडचा. आमच्याकडच्या बायांनी दारूविरुद्ध जे केलं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी मोर्चा गेला, त्यात माझी आई होती. पायाला फोड आले होते. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी आडवी बाटली-उभी बाटली. वॉर्डातल्या २५ टक्के जणींनी सह्या करायच्या, मग गुप्त मतदान, अर्ध्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. भारतात असा हक्क कुठे बायांच्या हातात असेल?

पण आता दुसरी बाजू. आमच्या गावात एक काकू होती, मोहाची घ्यायची. शेतावर राबायची, संध्याकाळी घ्यायची. मंडळाच्या बायांनी गावातल्या पिणाऱ्या पुरुषांना समजावलं, एकदोघांना शिबिराला नेलं, परत आल्यावर हार घातले. काकूच्या घरी मात्र कोणी गेलं नाही. तिला बैठकीला बोलावणं बंद झालं. ती ज्यांच्याविरुद्ध मोर्चा होता त्यांच्यात धरली गेली. माझ्या आईला मी हे एकदा विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'आम्हाला भीती वाटली. तिला जवळ केलं तर पुरुष म्हणतील, बघा, तुमच्यातलीच पिते.'

आईवर माझा राग नाही. मोर्चाला निष्कलंक बाई लागते. पण काकू ४६ व्या वर्षी गेली.

---

उन्हाळी_पाऊस | २० जानेवारी, सकाळी ९:३०

पळसपान, वाचून गलबलले.

मला वेगळंच आठवलं. माझी आजी, सातारा जिल्हा, पहाटे चुलीपुढे मशेरी भाजायची. तव्यावरचा तो वास आला की आम्ही नातवंडं खोकत बाहेर पळायचो. दिवसातून चारदा बोटाने दातांना लावायची, लावून अर्धा तास गप्प बसायची. तेवढाच तिचा वेळ. कुणी हाक मारली तर तोंडात मशेरी आहे म्हणून हातानेच 'थांब' सांगायची. आख्ख्या दिवसात तिला 'थांब' म्हणायची मुभा तेवढीच होती असं आता वाटतं.

हे व्यसन आहे असं घरात कुणी म्हटलंच नाही. भूक मरते, काम होतं, पैसे फार लागत नाहीत, बाई घरातच असते. मग कोण कशाला हरकत घेईल? २०१६-१७ च्या जागतिक तंबाखू पाहणीत भारतातल्या १२.८ टक्के बायका बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. म्हणजे जुना_वाचक यांचा १.३ टक्के हा आकडा फक्त दारूचा. चित्रात तंबाखू आणली की ते पार बदलतं.

---

नाडीपरीक्षा | २० जानेवारी, दुपारी १:१०

मी डॉक्टर आहे, मनोविकारतज्ज्ञ नाही, पण ओपीडीत रोज बघते. मशेरीचा मुद्दा महत्त्वाचा. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांना 'तंबाखू खाता का?' विचारलं तर नाही म्हणतात. 'मशेरी लावता का?' विचारलं की हो. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

दारूबद्दल थोडं शरीराचं सांगते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, आणि जठरात दारू मोडणारं विकरही बहुधा कमी. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पुरुषाइतकी घेतली तरी रक्तात जास्त चढते. यकृत लवकर बिघडतं. पहिला पेग ते पूर्ण व्यसन हा प्रवास बायकांत अनेकदा कमी वर्षांत होतो. आणि त्या उपचाराला मात्र उशिरा येतात. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की समोर येते ती बाई कावीळ घेऊनच येते.

आणखी एक, ज्याबद्दल इथे कुणी बोललं नाही. झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम वगैरे. या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळू नयेत आणि दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवावी. प्रत्यक्षात दहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी लॅमिनेट करून आणणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. बाई रडते, झोपत नाही, चिडचिड करते. तिला गोळी मिळते. का रडते हे विचारायला ओपीडीत वेळ नसतो. हे मी स्वतःबद्दलही लिहिते आहे.

कृपया लक्षात ठेवा: रोज दारू किंवा या गोळ्या घेणाऱ्याने मनाच्या हिय्याने एका दिवसात बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि 'रुग्णाच्या नकळत' जेवणातून द्यायच्या पुड्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

---

दोडामार्गचा | २० जानेवारी, रात्री ८:४५

गोळ्यांचं वाचलं आणि दोन वेळा लिहून खोडलं. आता पाठवतोच.

माझी बायको. धाकट्याच्या बाळंतपणानंतर झोप उडाली म्हणून सुरू झालेली अर्धी गोळी, सात वर्षांनी दिवसाला सहा. मला कळलं नाही. खरं म्हणजे मला कळून घ्यायचं नव्हतं, कारण घर चालू होतं. डबा मिळत होता.

तिला दाखल केलं त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं की मोठ्याला भेंडी आवडत नाही. तो नऊ वर्षांचा होता. शाळेच्या डायरीवर सही करायची असते, युनिफॉर्म बुधवारी वेगळा असतो, दुधाचं बिल दहा तारखेला. डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, 'ती घरी आल्यावर यातलं काय तिच्याकडे परत जाणार?' मी म्हटलं, सगळंच. ते म्हणाले, 'मग गोळीही जाईल.'

व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी ॲल-ॲनॉनच्या सभा असतात. गेलो. सोळा बायका आणि मी. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं खुर्च्या मांडणारा आहे. माझ्या मित्रांपैकी एकाने विचारलं, 'सोडत का नाहीस तिला?' मित्राच्या घरी उलटी परिस्थिती आहे, तो स्वतः पितो, आणि त्याच्या बायकोला हा प्रश्न कुणी विचारला नसेल. तिला सगळे सांगतात, धीर धर, सुधारेल.

बायको आता ठीक आहे. दोनदा घसरली, दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगितलं. डबा मी करतो. वाईट करतो, पण करतो.

---

अर्धाकप | २० जानेवारी, रात्री ९:२०

दोडामार्गचा, तुमची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो 'हं' म्हणाला आणि गॅलरीत गेला. आमच्याकडे 'हं' बरंच काही असतं.

---

टपरीवरचा | २० जानेवारी, रात्री ९:४१

म्हणजे शेवटी नवऱ्याचीच चूक. बायको गोळ्या खाते, दोष नवऱ्याचा.

---

दोडामार्गचा | २० जानेवारी, रात्री ९:५५

दोष मी शोधायला गेलो नव्हतो, भेंडी शोधायला गेलो होतो. तुम्ही झोपा.

---

ॲक्रनची_मावशी | २१ जानेवारी, पहाटे ५:३०

मी ज्या गावात २२ वर्षं राहते तिथे, अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रनमध्ये, १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या सभा, सुरू झालं. दोन पुरुषांनी, एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर. त्या चळवळीने लाखो जीव वाचवले, माझ्या मैत्रिणीचाही. पण सुरुवातीच्या काळात तिथेही बाईचं येणं अवघडच होतं. तेव्हाच्या बायका नवऱ्यांसाठी स्वयंपाकघरात कॉफी करत बसायच्या, आणि त्यातूनच १९५१ मध्ये ॲल-ॲनॉन उभं राहिलं, जिथे दोडामार्गचा यांना खुर्च्यावाला समजलं गेलं!

जीन कर्कपॅट्रिक नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली पेन्सिल्व्हेनियात फक्त बायकांसाठी 'विमेन फॉर सोब्रायटी' सुरू केलं. त्या स्वतः दारूत बुडालेल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधारण असं: अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत पहिली पायरी म्हणजे मी हतबल आहे हे मान्य करणं. ज्याचा अहंकार फुगलेला आहे त्याला हे औषध लागू पडतं. पण जी बाई आयुष्यभर हतबलच आहे, रोज स्वतःलाच दूषणं देते, तिला आणखी नमायला काय सांगता? तिला उभं राहायला शिकवा. म्हणून त्यांनी पायऱ्यांऐवजी तेरा विधानं केली, बाईने रोज स्वतःशी म्हणायची, अपराधीपणा मागे टाकणारी.

मला स्वतःला दोन्ही बाजू पटतात. माझी मैत्रीण म्हणते, हतबल आहे म्हटल्यावरच तिला पहिल्यांदा हलकं वाटलं, कारण तोवर घरातलं सगळं आपणच सांभाळतो या भ्रमात ती होती. तेव्हा एकच माप सगळ्या बायकांना लावू नये.

---

जुना_वाचक | २१ जानेवारी, सकाळी ८:००

काल रात्री माझ्या प्रश्नातला 'फळ' हा शब्द पुन्हा वाचला. मागे घेतो.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या दोन केंद्रांना फोन केले. एकाने सांगितलं, 'लेडीज घेत नाही.' दुसऱ्याने विचारलं, 'पेशंट कोण, तुमचे चिरंजीव का?' बाई आहे म्हटल्यावर म्हणाले, पुण्याला न्या. खाटांचा हिशेब तुम्ही सांगितल्याप्रमाणे इथे लिहिला.

---

उन्हाळी_पाऊस | २१ जानेवारी, सकाळी ८:४०

पुण्याचं म्हणाल तर मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा वेगळा विभाग आहे, 'निशिगंध' नावाचा. १९८६ साली मुक्तांगण उभं केलं त्यात डॉ. अनिता अवचट पुढे होत्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या या कामाच्या मुळाशीच एक बाई आहे. तरी बायकांचा विभाग तिथेही बराच नंतर आला. दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही, बायका यायलाच तेवढा वेळ लागला.

भाषेचंही बघा ना. बेवडा, दारुडा, पिदाडा, तळीराम. शिव्या असल्या तरी त्यात एक खेळकरपणा आहे, गटारी अमावास्येचे विनोद आहेत. पिणाऱ्या बाईसाठी असा अर्धा हसरा शब्द आठवतो का? तिच्याबाबत थेट चारित्र्यावरच जातात.

---

नवीन_सभासद_क | २१ जानेवारी, दुपारी १२:५०

पहिल्यांदाच लिहितेय. हा आयडी यासाठीच काढला.

३३ वर्षांची आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दारू घरपोच मिळू लागली तेव्हापासून. आधी शनिवारी. आता रोज, दुपारपासून. मुलगा दोन वर्षांचा आहे. घरी नवऱ्याला थोडं माहीत आहे, सगळं नाही. सासरी कळलं तर मुलाला माझ्यापासून तोडतील ही भीती आहे. ॲडमिट व्हायचं म्हटलं तर त्याला कुठे ठेवू? म्हणून उद्यापासून स्वतःच बंद करायचं ठरवलंय.

---

नाडीपरीक्षा | २१ जानेवारी, दुपारी १:०५

बाई गं, उद्यापासून एकदम बंद करू नकोस. रोज दुपारपासून घेत असशील तर ते धोक्याचं आहे. आधी डॉक्टरला भेट, घरीच राहून उपचार होतील की दाखल व्हावं लागेल ते ते ठरवतील. बऱ्याच जणींना दाखल व्हावंही लागत नाही.

आणि मुलाचं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही धरले आहेत. त्याच्या २१ व्या कलमात लिहिलंय की उपचारासाठी दाखल झालेल्या आईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. मुलाला तिच्यामुळे धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच अपवाद, तोही तात्पुरता. सगळ्या ठिकाणी तशी सोय असते असं नाही, पण तू मागू शकतेस. तुझी माहिती गुप्त ठेवणंही त्याच कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा. दोन्ही फुकट. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

---

अर्धाकप | २१ जानेवारी, दुपारी १:२०

क, मी इथेच आहे. माझा इनबॉक्स उघडा आहे, रात्री दोनलाही. चटण्या-बिटण्या करून ठेवायच्या भानगडीत पडू नकोस, माझ्यासारखी.

---

पळसपान | २१ जानेवारी, दुपारी १:३२

ताई, मीही इथे आहे. आईला हा धागा वाचून दाखवतो आहे, ती म्हणते आहे, पोरीला सांग जेवून घे आधी.

---

नवीन_सभासद_क | २१ जानेवारी, दुपारी ३:१५

जेवले.

मुलगा झोपल्यावर बाथरूमचा नळ सोडून १४४१६ ला फोन लावला. पहिल्यांदा घाबरून कट केला. दुसऱ्यांदा एका बाईंनी उचलला, आवाज तरुण होता. त्यांनी पहिलं विचारलं, आता सुरक्षित आहात का, शेजारी कोणी आहे का. नाव विचारलं नाही. शुक्रवारी जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचं आहे, नवऱ्याला सुट्टी घ्यायला कसं सांगू ते ठरवतेय.

उठला तो. नंतर लिहिते.